चार माणसांतली अब्रू

१४५६ साली इंग्लंडमधल्या विंचेस्टरला दोन माणसांची झुंज लावली गेली. सरकारी झुंज, न्यायाधीशाच्या हुकमाने. दोघांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत मेंढीच्या पांढऱ्या कातड्याचा पोशाख. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅश झाडाची ओली, सालासकट काठी, तीन फूट लांब, आणि तिच्या टोकाला एडक्याच्या शिंगासारखं वळवलेलं लोखंड. काठी मोडली तर दुसरी मिळायची नाही. मग हात, पाय, नखं आणि दात यांच्यावर भागवायचं. दोघांनी उपाशीपोटी यायचं. तहान लागलीच तर स्वतःचं मूत्र प्यायचं, असंही न्यायाधीशाने बजावून ठेवलेलं. जागासुद्धा आसपासची सगळ्यात दळभद्री शोधलेली.

लंडनच्या एका बखरीत ही हकिकत आली आहे. झुंजीतला एक होता थॉमस व्हाइटहॉर्न. न्यू फॉरेस्टच्या जंगलात पकडलेला चोर. फास चुकवण्यासाठी तो माफीचा साक्षीदार झाला होता. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात अशी सोय होती : आपला गुन्हा कबूल करायचा, साथीदारांची नावं सांगायची, आणि सांगत राहाल तोवर जिवंत राहायचं. वर राजाच्या तिजोरीतून भत्ता. व्हाइटहॉर्नला रोज दीड पेनी मिळे. जवळजवळ तीन वर्षं त्याने ही नोकरी इमानेइतबारे केली. रोज सकाळी उठून कुणाचं नाव घ्यायचं, एवढंच काम. बखरकार पुढे एका वाक्यात लिहून जातो की ज्यांना ना मित्र होते ना मालमत्ता, ते लटकले, आणि ज्यांच्याकडे काही होतं त्यांनी राजाची माफीपत्रं मिळवून जीव वाचवला.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. पण आधी झुंज.

दुसरा माणूस जेम्स फिशर. व्हाइटहॉर्नने त्याचंही नाव घेतलं तेव्हा हा म्हणाला, साफ खोटं, आणि हे मी माझ्या हातांनी सिद्ध करीन. माफीच्या साक्षीदाराशी लढून निर्दोष ठरण्याची मुभा आरोपीला होती. हरला तर फाशी. साक्षीदार हरला तर त्याला फाशी. व्हाइटहॉर्न पूर्वेकडून आला, फिशर नैर्ऋत्येकडून. फिशरच्या डोळ्यांना धार लागलेली. त्याने गुडघे टेकले, देवाची क्षमा मागितली, जमलेल्या सगळ्यांची क्षमा मागितली, आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. व्हाइटहॉर्न तिकडून ओरडला, ‘अरे लबाडा, किती वेळ लावशील?’ फिशर उठला, त्याने पहिलाच घाव घातला आणि त्याची काठी मोडली. व्हाइटहॉर्नने एक तडाखा दिला, पण तेवढ्यात शिपायांनी त्याचीही काठी काढून घेतली. मग मुठी. दमले की थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू. मग दात. कातडी पोशाख फाटले, खालचं मांस फाटलं. व्हाइटहॉर्नने फिशरला खाली पाडलं आणि त्याच्या जांघेत अशा जागी चावा घेतला की तो किंचाळला. बखरकार म्हणतो की ताकदीपेक्षा नशिबानेच फिशर गुडघ्यांवर उठला. त्याने व्हाइटहॉर्नचं नाक दातांत धरलं आणि अंगठा त्याच्या डोळ्यात घातला. तेव्हा व्हाइटहॉर्न ओरडून दया मागू लागला. मी देवाशी खोटा वागलो, ह्याच्याशीही खोटा वागलो.

न्यायाधीशाने झुंज थांबवली. व्हाइटहॉर्नने कबुली दिली की ह्याच्यावर आणि आणखी कितीतरी जणांवर मी खोटा आळ घेतला. त्याला फाशी झाली. फिशर सुटला. जीव, हातपाय आणि मालमत्ता सगळं शाबूत. तो घरी गेला, नंतर संन्यासी होऊन एकांतात राहिला आणि थोड्याच काळात वारला.

खोट्या आळाविरुद्ध दाद मागणाऱ्याला मध्ययुगीन इंग्लंड जास्तीत जास्त जे देऊ शकत होतं ते सगळं फिशरला मिळालं. भर मैदानात, सगळ्यांदेखत, आरोप करणाऱ्याच्याच तोंडून कबुली. त्यानंतर त्याला माणसांत राहवलं नाही. का, ते बखरीत नाही. जे शेजारी त्याच्यासाठी प्रार्थना करत होते ते त्याला आधी काय म्हणत होते, याची मी उगाच कल्पना करत बसतो.

मी वकील नाही आणि इतिहासकारही नाही. हा विषय माझ्या मानगुटीवर का बसला ते पुढे सांगेन. मात्र वाचता वाचता एक गोष्ट लक्षात येत गेली की त्या समाजात खोट्या आळातून सुटायला पुराव्यापेक्षा माणसं लागत. आपली माणसं, आपल्या बाजूने चार शब्द बोलणारी. ती असली की कायद्याची दारं एकामागून एक उघडतात. ती नसली तर त्याच कायद्याचं दुसरं टोक अंगावर येतं.

आळ ही गोष्ट इंग्लंडने फार आधीपासून गंभीरपणे घेतली होती, हे मान्य करायला हवं. सातव्या शतकात केंटच्या राजांनी कायदा केला : दुसऱ्याच्या घरात बसून कुणी कुणाला खोटी शपथ घेणारा म्हटलं किंवा लाज आणणारे शब्द वापरले, तर घराच्या मालकाला १ शिलिंग, अपमान झाला त्याला ६ आणि राजाला १२ शिलिंग द्यायचे. घरमालकाचा तो एक शिलिंग मला फार आवडतो. त्याच्या ओट्यावर ही घाण झाली, त्याचंही काही नुकसान झालंच ना! राजाने सगळ्यात मोठा वाटा उचलला, त्यातही नवल नाही. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या कायद्यात लोकांमध्ये खोटा बोभाटा करणाऱ्याची जीभ कापायची शिक्षा आहे. जीभ वाचवायची तर त्या माणसाच्या जिवाचं कायद्याने जे मोल ठरलेलं असे त्याच्या प्रमाणात रक्कम मोजायची. दहाव्या शतकात एडगर राजाने आणि पुढे कनूट राजाने तेच पुन्हा सांगितलं. खोट्या आरोपाने दुसऱ्याच्या पैशाला किंवा नावाला धक्का लावलास तर जीभ गमावशील.

पण आरोप खोटा होता हे ठरवायचं कसं? तिथे माणसं येतात. आरोपीने शपथ घ्यायची आणि त्याच्यासोबत ठरावीक संख्येने लोकांनी शपथ घ्यायची की याची शपथ निर्मळ आहे. घटनेबद्दल त्यांना काही ठाऊक असण्याची गरज नाही. माणूस ठाऊक असला की पुरे. शपथेलाही वजन होतं. सरदाराची एक शपथ म्हणजे सामान्य शेतकऱ्यांच्या सहा. आणि कनूटच्याच कायद्यात एक कलम आहे, ज्याचा कुणी नाही किंवा जो दुरून आला आहे त्याच्याबद्दल. त्याला जामीन राहायला कुणी नसेल तर पहिल्याच आरोपाला त्याने तुरुंगात जायचं आणि तिथून थेट दिव्याला.

दिव्य म्हटलं की मराठी वाचकाला वेगळं काही समजावून सांगायला नको. आपल्याकडेही मराठेशाहीत वतनाच्या भांडणात रवादिव्य व्हायचं. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा बाहेर काढायचा, मग हातावर पिशवी बांधून मोहर लावायची, आणि ठरल्या दिवशी गोतासमोर पिशवी सोडून हात पाहायचा. इंग्लंडात लाल तापवलेलं लोखंड हातात धरून नऊ पावलं चालायचं. साध्या आरोपाला १ पौंड वजनाचं, गंभीर आरोपाला ३ पौंडांचं. हात बांधून मोहर लावायची आणि तिसऱ्या दिवशी पट्टी सोडायची. जखम स्वच्छ असेल तर निर्दोष, चिघळली असेल तर दोषी. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन मुलखांत बांधलेला हात आणि त्यावरची मोहर इतकी सारखी निघते, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. दुसरा प्रकार थंड पाण्याचा. बांधून पाण्यात सोडायचं. बुडाला तर पाण्याने त्याला स्वीकारलं, म्हणजे तो निर्दोष. अर्थात त्याला लगेच वर ओढून काढत.

आता ११६६ सालचा दुसऱ्या हेन्रीचा क्लॅरेंडनचा हुकूम बघा. प्रत्येक भागातल्या बारा माणसांनी शपथेवर सांगायचं की आमच्याकडे चोर कोण, खुनी कोण, त्यांना आसरा देणारे कोण. ज्यांची नावं येतील त्यांनी पाण्याच्या दिव्याला जायचं. इथवर ठीक. पण त्यात पुढे असंही आहे की एखादा दिव्यातून सुटला, तरी त्याची ख्याती फार वाईट असेल आणि पुष्कळ लोक त्याच्याविरुद्ध बोलत असतील, तर त्याने आठ दिवसांत समुद्र ओलांडून देश सोडायचा. देवाने सोडला, पण गावाने सोडला नाही! आणि राजाने कुणाचं ऐकलं, तर गावाचं.

१२१५ साली रोममधल्या धर्मपरिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला मनाई केली आणि इंग्लंडमध्ये १२१९ पासून दिव्य बंद पडलं. त्याच १२१५ सालचा मॅग्ना कार्टा सगळ्यांना शाळेतून माहीत असतो. त्यातलं ३९वं कलम, बराबरीच्या लोकांच्या न्यायाशिवाय कुणाला कैद करू नये हे, भाषणांत येतं. ३६व्या कलमाचं नाव कुणी घेत नाही. जीव किंवा अवयव यांच्याशी संबंधित चौकशीचा हुकूम राजाने यापुढे फुकट द्यायचा, नाकारायचा नाही, असं ते कलम. हा हुकूम नेमका खोट्या आळासाठी होता. त्या काळी खुनाचा किंवा दरोड्याचा आरोप बहुतेक वेळा एखादा माणूसच दुसऱ्यावर करायचा, आणि अशा आरोपाचा शेवट झुंजीत व्हायचा. आरोपीला वाटलं की हा केवळ द्वेषाने, आकसाने केलेला आरोप आहे, तर तो हा हुकूम विकत घ्यायचा, हो, विकत. मग बारा शेजारी बसवून त्यांना एकच विचारायचं, हा आरोप खरा की आकसाचा? आकसाचा ठरला तर झुंजीचा प्रश्नच मिटला. मॅग्ना कार्टाने ही विक्री थांबवली.

पण सुटल्यावर पुढे काय? ते पहिल्या एडवर्डच्या राज्यात ठरलं. १२८५चा वेस्टमिन्स्टरचा दुसरा कायदा सांगतो की आकसाने गंभीर गुन्ह्याचा आरोप करणाऱ्याला, आरोपी निर्दोष सुटला तर, एक वर्ष कैद. शिवाय त्याने आरोपीला भरपाई द्यायची. भरपाई ठरवताना न्यायाधीशाने आरोपीने भोगलेला तुरुंगवास बघायचा आणि त्याची झालेली बदनामीही बघायची. आरोप करणारा कफल्लक असेल तर त्याला फूस लावणारे शोधायचे आणि त्यांच्याकडून वसूल करायचं. मला हे कलम वाचताना कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक अगदी ठरावीक माणूस दिसतो. तालुक्याच्या राजकारणात हा माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो स्वतः कधी सही करत नाही, खिशात दमडी नसलेल्या कुणाला तरी पुढे करतो.

त्या माणसाने या कायद्यालाही वळसा शोधलाच. १३०५ साली एडवर्डला कट म्हणजे काय याची व्याख्या करावी लागली. खोटे आरोप घडवून आणण्यासाठी, खोटे खटले चालवण्यासाठी शपथ घेऊन किंवा करार करून एकत्र येणारे ते कटवाले. आज कट म्हटलं की बॉम्ब, बंदुका आठवतात. इंग्रजी कायद्यात तो गुन्हा मुळात खोट्या खटल्यांच्या टोळ्यांसाठी आला. आणि त्याच व्याख्येत आणखी एक जात सांगितली आहे : जे अज्ञान मुलांकडून लोकांवर गंभीर गुन्ह्याचे आरोप करवतात, आणि त्यामुळे माणसं तुरुंगात खितपत पडतात. मुलं का, याचं कारण मला तरी उघड दिसतं. १२८५च्या कायद्याने आरोप करणाऱ्याला वर्षभर आत टाकायचं म्हटलं. मग आत टाकता येणार नाही असा आरोपकर्ता शोधा. आठ-दहा वर्षांचं पोर उभं करा.

कटाच्या दाव्यात एक मोठी गोची होती. कट एकट्याने करता येत नाही. आळ घेणारा एकटाच असेल तर दाव्यात दुसरा कुठून आणायचा? ही फट बुजवायला शतकं लागली. १६९८च्या सुमारास सॅव्हिल विरुद्ध रॉबर्ट्स या खटल्यात सरन्यायाधीश होल्ट यांनी सांगितलं की खोट्या फिर्यादीने माणसाचं तीन प्रकारे नुकसान होतं : नावाचं, देहाचं आणि पैशाचं. यातलं कुठलंही एक झालं तरी दावा उभा राहतो. हीच वाट पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या न्यायालयांत आली. आजही महाराष्ट्रातल्या एखाद्या दिवाणी न्यायालयात कुणी दुष्टबुद्धीने चालवलेल्या खटल्याबद्दल नुकसानभरपाई मागतो, तेव्हा आकस होता आणि वाजवी कारण नव्हतं हे त्याला सिद्ध करावं लागतं. एडवर्डच्या काळातला तोच द्वेष, तोच आकस.

आता माझं सांगतो. माझे वडील एका सहकारी पतसंस्थेत रोखपाल होते. एका वार्षिक सर्वसाधारण सभेत एका संचालकाने माइकवरून विचारलं की रोकड का जुळत नाही, आणि मग वडिलांकडे पाहून म्हणाला, ‘ज्यांच्या हातात चाव्या आहेत त्यांनी सांगावं.’ एवढंच. चोर हा शब्द त्याने वापरला नाही. सभा मंगल कार्यालयात होती, सभासद भरपूर होते, नंतर मसालेभात आणि जिलबी होती. वडील न जेवता घरी आले. चौकशी लागली, लेखापरीक्षक बसले. एकच नोंद दोनदा खतावली गेली होती. रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. काही महिन्यांनी घरी एक लखोटा आला. आत टाइप केलेला कागद : ‘सदर प्रकरणी आपणांवरील आक्षेप निराधार आढळून आल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

वडिलांनी अर्ज केला की हे पत्र पुढच्या सभेत वाचून दाखवावं आणि इतिवृत्तात घ्यावं. उत्तर आलं की तशी तरतूद नाही. ओळखीच्या वकिलांनी दावा लावायचा सल्ला दिला. एक वर्षाची मुदत असते, ती निघून गेली. वडिलांना पैसे नकोच होते. ते म्हणायचे, ‘माइकवरून म्हणाला ना, मग माइकवरूनच सांगा.’ आई म्हणायची की त्या वर्षी गणेश चतुर्थीला यांनी चंद्र पाहिला असणार. श्रीकृष्णावरही स्यमंतक मण्याचा आळ आला होताच, पण त्याला निदान मणी शोधून आणून सगळ्यांपुढे ठेवता आला. दुबार खतावणी कुणापुढे ठेवायची?

म्हणून मध्ययुगीन इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांकडे आलो तेव्हा मी खुर्चीत जरा सावरून बसलो. १२२२ साली कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी ऑक्सफर्डला धर्मपरिषद भरवली. तिने फर्मावलं की द्वेषाने, लाभासाठी, मर्जीसाठी किंवा आणखी कशासाठी जो कुणी चांगल्या आणि वजनदार लोकांत ज्याचं नाव वाईट नाही अशा माणसावर दुष्टपणे गुन्ह्याचा आळ घेईल, तो बहिष्कृत. या एका फर्मानावर पुढची काही शतकं इंग्लंडातले अब्रूचे खटले चालले. कुणी कुणाला चोर म्हटलं, कुणी कुणाला छिनाल म्हटलं, कुणी म्हटलं अमक्याने खोटी शपथ घेतली. लोक चर्चच्या न्यायालयात जात. १२८६ साली राजानेही मान्य केलं की बदनामीचा मामला चर्चने चालवावा, मात्र पैसे मागायचे नाहीत, पापाची सुधारणा करायची.

पैसे नाहीत म्हणजे काय मिळायचं? ज्याने आळ घेतला त्याने पायांत काही न घालता, अंगावर पांढरी चादर घेऊन, हातात मेणबत्ती धरून गावच्या चर्चमध्ये यायचं. रविवारी, सगळं गाव प्रार्थनेला जमलेलं असताना. आणि जिच्यावर किंवा ज्याच्यावर आळ घेतला त्याची मोठ्याने माफी मागायची. ज्या चार माणसांत नाव गेलं त्याच चार माणसांत ते परत करायचं. आमच्या मंगल कार्यालयात असं काही घडायला हवं होतं, चादर आणि मेणबत्ती नसती तरी चाललं असतं.

चर्चच्या बाहेरही हाच प्रघात होता. जमीनदारांच्या गावन्यायालयांत खोटी ओरड केली, म्हणजे ‘चोर, चोर’ म्हणून विनाकारण गाव गोळा केला, तर काही पेनींचा दंड बसे आणि तो दप्तरात नोंदला जाई. शेजाऱ्याला चोर म्हटल्याबद्दल तिथे थोडीफार भरपाईही मिळे. लंडन शहराला मोठी नाटकं परवडत. १३६४ साली जॉन डी हॅकफर्ड नावाच्या माणसाने असा बोभाटा केला होता की शहरातल्या बड्या लोकांना मारायला दहा हजार माणसं एक झाली आहेत. खोटं निघालं. शिक्षा झाली ती अशी : एक वर्ष तुरुंग, आणि त्या वर्षात दर तीन महिन्यांनी एकदा त्याला अनवाणी, बोडक्याने खोड्यापाशी न्यायचं, पुढे कर्णे वाजवायचे, गळ्यात साखळीने धार लावायचा दगड टांगायचा, आणि दगडावर लिहिलेलं असायचं, ‘खोटारडा’. खोटं बोलणाऱ्याच्या गळ्यात धारेचा दगड ही लंडनची जुनी रीत. धार जिभेला लावायची, हे न सांगता सगळ्यांना कळत असणार.

इथवर वाचून मी त्या लोकांवर खूश होतो. मग पुन्हा १२२२च्या ऑक्सफर्डकडे वळलो आणि त्या परिषदेने आणखी काय काय ठरवलं ते वाचलं. ज्यूंनी छातीवर वेगळी ओळखपट्टी लावावी. नवी प्रार्थनागृहं बांधू नयेत. घरात ख्रिस्ती नोकर ठेवू नयेत. चांगल्या आणि वजनदार लोकांत ज्याचं नाव आहे त्याच्यावर आळ घेऊ नका म्हणणारी हीच ती परिषद, हेच ते आर्चबिशप, त्याच बैठका. ज्यू हे चांगल्या आणि वजनदार लोकांच्या हिशेबातच नव्हते. पट्टी लावली की आळ घ्यायला वेगळं कारण लागत नाही.

१२५५च्या उन्हाळ्यात लिंकन शहरात ह्यू नावाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा हरवला आणि विहिरीत त्याचं प्रेत सापडलं. बोभाटा झाला की ज्यूंनी धर्मविधीसाठी त्याला मारलं. असा आळ इंग्लंडात आधीही घेतला गेला होता. ११४४ साली नॉर्विचमध्ये विल्यम नावाचा मुलगा मेला तेव्हापासून. लिंकनला कोपिन नावाच्या ज्यूकडून जीवदानाचं आश्वासन देऊन कबुली घेतली गेली. तिसरा हेन्री राजा स्वतः लिंकनला आला आणि त्याने ते आश्वासन धाब्यावर बसवून कोपिनला फरफटत नेऊन फासावर चढवलं. नव्वदच्या आसपास ज्यूंना पकडून लंडनला नेलं. त्यांतल्या अठरा जणांनी एक मागणी केली की नुसत्या ख्रिस्ती पंचांपुढे आमचा निवाडा नको, पंचांत ज्यूही असू द्या. ही मागणी म्हणजेच गुन्ह्याची कबुली असं धरलं गेलं आणि अठराही जणांना फाशी दिलं. त्यांची मालमत्ता राजाकडे गेली. बाकीचे पुढे सुटले.

फाशी देणाऱ्यांच्या हाताशी तोवर सगळी हत्यारं होती हे विसरता येत नाही. आकसाच्या चौकशीचा हुकूम होता, तो मॅग्ना कार्टाने फुकट केला होता. लँग्टन यांचं फर्मान होतं. पण हुकूम मिळाला तरी चौकशी करणार कोण? बारा शेजारी. त्या अठरा जणांनी नेमकं याच जागी बोट ठेवलं होतं. आणि ज्या एडवर्डने बदनामीची भरपाई कायद्यात आणली, कटाची व्याख्या केली, त्यानेच १२९० साली इंग्लंडमधल्या सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षं त्या देशात ज्यूंना उघडपणे राहता आलं नाही.

त्या पोराला लोकांनी संत मानलं. लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये त्याची समाधी झाली, यात्रेकरू येऊ लागले, गाणी रचली गेली. म्हणजे आळ नुसता टिकला नाही, त्याची पूजा झाली. १९५५ साली कॅथेड्रलने त्या जागी एक पाटी लावली. मध्ययुगात आणि नंतरही युरोपभर ज्यूंनी ख्रिस्ती मुलांचे बळी दिल्याच्या रचलेल्या गोष्टी सांगितल्या जात, या बनावट गोष्टींनी अनेक निरपराध ज्यूंचे जीव घेतले, असं त्या पाटीवर आहे. सातशे वर्षांनी का होईना, पण जिथे पूजा झाली तिथेच ती पाटी आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. एखाद्या समितीच्या अहवालात हेच वाक्य छापून चाललं नसतं.

८ मे २०२२ रोजी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथेड्रलमध्ये एक प्रार्थनासभा झाली. १२२२च्या परिषदेला आठशे वर्षं झाली म्हणून, तिने ज्यूंविरुद्ध केलेल्या नियमांबद्दल खेद व्यक्त करण्यासाठी. ज्यू समाजाचे प्रतिनिधी आले होते. यावर जो आक्षेप घेता येतो तो सरळ आहे : चर्च ऑफ इंग्लंड ही संस्था सोळाव्या शतकातली, रोमपासून फुटून झालेली, तेराव्या शतकातल्या पापाची माफी तिने का मागावी? मला हा आक्षेप पटत नाही. कँटरबरीचं पीठ तेच, लँग्टन यांच्या नंतरच्या आर्चबिशपांच्या यादीत आजचं नावही बसतं, लिंकनचं कॅथेड्रलही तेच. वतन घेताना कुणी म्हटलं नाही की ते दुसऱ्यांचं होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. माफी सगळ्यांदेखत, उघड मागितली गेली, ते चांगलंच झालं. पण ती झाली नियमांबद्दल, आणि नियमांना नावं नसतात. कोपिनचं नाव इतिहासात आलं ते त्याच्यावर आळ आला म्हणून. लंडनला फासावर गेलेल्या अठरा जणांपैकी प्रत्येकाने भर दरबारात एक साधी, वाजवी मागणी केली होती, की पंचांत आमचीही माणसं असू द्या. ती मागणी योग्य होती, एवढं त्या कॅथेड्रलमध्ये कुणीतरी माइकवरून म्हणायला हवं होतं.